कुणी पाहत नसताना: रोजा माणसाला काय शिकवतो

मागच्या रमजानमधली गोष्ट. मार्चचं ऊन तापायला लागलं होतं. मधल्या सुट्टीत पोरं पाण्याच्या टाकीभोवती गर्दी करून होती आणि मी व्हरांड्यात उभा होतो. सातवीतली एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही हापिसात जाऊन, दार लावून घोटभर पाणी पिलं तर कुणाला कळणार हाय?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही."

ती म्हणाली, "मग?"

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात शिकवायला लागल्यापासून रोज्याबद्दलचे प्रश्न दरवर्षी कानावर येतात. थुंकीसुद्धा गिळायची नाही का? अंघोळ चालते का? रात्री खाताच तर मग उपास कसला? यांची उत्तरं सोपी आहेत. थुंकी गिळल्यानं रोजा तुटत नाही, अंघोळ खुशाल करा, आणि रोजा पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंतचाच असतो. पण त्या मुलीच्या 'मग?'ला मी दोन वाक्यांत जे सांगितलं ते मला स्वतःलाच अपुरं वाटलं. तिनं बोट बरोबर गाभ्यावर ठेवलं होतं. म्हणून आज जरा ऐसपैस लिहितो, रमजान लांबून पाहणाऱ्या शेजाऱ्यांसाठी आणि रोजे ठेवणाऱ्या आमच्या पोरांसाठीही.

नमाज पढणारा माणूस दिसतो. जकात, म्हणजे गरिबांसाठीचं ठरलेलं दान, कुणी दिलं हे निदान घेणाऱ्याला तरी ठाऊक असतं. हजला निघालेल्याला सोडायला अर्धा मोहल्ला जातो. रोज्यात मात्र दिसण्यासारखं काही घडतच नाही. रोजा हा शब्द फारसी आहे. अरबीत त्याला सौम म्हणतात आणि त्याचा अर्थ थांबणं, स्वतःला आवरून धरणं. आवरून धरलेला माणूस आणि सहज बसलेला माणूस बाहेरून सारखेच. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, अल्लाहचं म्हणणं म्हणून आलंय की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचं फळ मीच देईन. मला त्याचा अर्थ असा लागतो की या कामाला दुसरा साक्षीदारच नाही.

रोजे फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाले मुस्लिम कालगणनेच्या हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ च्या सुमारास, मदिनेत. कुरआनच्या सूरह बकरा या अध्यायाच्या १८३व्या आयतीत, म्हणजे वचनात, त्याचं कारणही दिलंय: तुमच्या आधीच्या लोकांवर रोजे बंधनकारक होते तसेच तुमच्यावरही केले आहेत, तुमच्यात तकवा यावा म्हणून. सगळा महिना या एका शब्दाभोवती फिरतो. मराठीत त्याचं भाषांतर बहुतेक 'ईशभय' असं करतात. मला ते पटत नाही, कारण भ्यालेला माणूस आखडून बसतो आणि तकवा असलेला माणूस चालत राहतो. याबद्दल जुन्या भाष्यांत एक प्रसंग येतो. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी पैगंबरांचे सोबती उबय बिन काब यांना विचारलं, तकवा म्हणजे काय? त्यांनी उलट विचारलं, काटेरी वाटेनं कधी गेलात का? गेलोय. मग काय केलंत? कपडे सावरले आणि जपून पाऊल टाकलं. उबय म्हणाले, तोच तकवा. आपल्याकडं बाभळबनातनं पाऊलवाटेनं शेत गाठणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

आता हा महिना दरवर्षी पुढं-मागं का होतो, तेही सांगून टाकतो. हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. मराठी महिनेही चंद्रावरच चालतात, पण आपण दर तीन वर्षांच्या आसपास अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना, घालून ऋतूंशी मेळ घालतो. हिजरी गणनेत ही सोय नाही. त्यामुळं रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०३० मध्ये तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबर संपता संपता पुन्हा. मराठवाड्यात डिसेंबरचा रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास जातो, जूनचा साडेचौदा तासांच्या. आकड्यात फरक सव्वादोन तासांचा. अंगाला तो केवढा जाणवतो, हे मेच्या उन्हात राबणाऱ्याला विचारावं.

मी ते पाहिलंय. १९८६ चा रमजान मे महिन्यात आला होता. मी तेव्हा चौथी संपवलेली, शाळेला सुट्टी होती. अब्बा लातूरच्या मोंढ्यात मापाडी होते आणि कधी कधी मला सोबत नेत. तूर, हरभरा, करडईच्या थप्प्या, वर तापलेला पत्रा. हमाल पोतं आणून पारड्यात ठेवायचे. दुसऱ्या पारड्यात वजनं पडायची, दांडी डुलत डुलत थांबायची, मग अब्बा आकडा मोठ्यानं पुकारायचे आणि मुनीम लिहून घ्यायचा. खरी गोम 'थांबायची' या शब्दात आहे. दांडी थांबायच्या आधीच आकडा पुकारला तर पाव किलो, अर्धा किलो इकडचा तिकडं होतो. दिवसाकाठी शेकडो पोती निघतात. शेतकरी बिचारा सावलीला बसलेला असतो, तो काय बघतो? दुपारी तीनच्या सुमाराला अब्बांच्या ओठांवर पांढरी पापुद्री धरलेली असायची. आकडा पुकारताना आवाज फाटायचा. एकदा मी कंटाळून म्हटलं, अब्बा, दांडी थांबायची वाट कशाला बघता, उरका की. ते ओला रुमाल डोक्यावर सारखा करत म्हणाले, "काटे का बी रोजा रहता, बेटा."

अब्बा फार शिकलेले नव्हते. पण सूरह मुतफ्फिफीनच्या सुरुवातीच्या आयतींचा अर्थ त्यांना मशिदीच्या इमामसाहेबांनी समजावलेला होता: मापात मारणाऱ्यांचा नाश असो, जे लोकांकडून घेताना पुरेपूर मापून घेतात आणि त्यांना देताना कमी देतात. दार लावून पाणी न पिणं आणि दांडी थांबेपर्यंत आकडा न पुकारणं या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या. एक जमलं की दुसऱ्याचा सराव होतो. त्या मुलीला मी सांगायला हवं होतं ते हेच. घोटभर पाण्यात वाईट काही नाही, एरवी ते हलालच आहे. जे हलाल आहे, हाताशी आहे, ज्यावर कुणाचा पहारा नाही, ते तीस दिवस नुसत्या नियतीच्या, म्हणजे मनातल्या निश्चयाच्या, जोरावर दूर ठेवता आलं, तर जे हराम आहे ते उरलेले अकरा महिने दूर ठेवायचं बळ अंगात येतं.

थोर धर्मपंडित इमाम गझाली यांचं निधन ११११ साली झालं, पण त्यांनी केलेली रोज्याची प्रतवारी आजही उपयोगी पडते. पहिला रोजा पोटाचा: खाणं, पिणं, शरीरसंबंध यांपासून थांबणं. दुसरा डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचा. तिसरा मनाचा, अल्लाहशिवाय कशाकडंही न वळण्याचा. तिसरा फार थोड्यांच्या आवाक्यातला आहे, त्याबद्दल मी बोलणार नाही. पहिला तर आमची दहा-बारा वर्षांची पोरंही हौसेनं ठेवतात. आपल्यासारख्यांची सगळी कसोटी दुसऱ्यात आहे. बुखारीच्या संग्रहातली हदीस स्पष्ट आहे: जो खोटं बोलणं आणि त्यावर वागणं सोडत नाही, त्यानं अन्नपाणी सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. गीबत, म्हणजे पाठीमागं कुणाबद्दल त्याला लागेल असं बोलणं, याला कुरआननं मेलेल्या भावाचं मांस खाण्याची उपमा दिली आहे. सहेरीनंतर, म्हणजे पहाटेच्या खाण्यानंतर, फज्रची नमाज पढून आपण पडल्या पडल्या मोबाईल उघडतो आणि ग्रुपवर कुणाच्या तरी लेकीबद्दल आलेलं पुढं ढकलतो. घशाखाली पाण्याचा थेंब गेला नाही खरा, पण ते मांस गेलं.

आता खाण्याबद्दल. इफ्तारला, म्हणजे संध्याकाळी रोजा सोडताना, भूक भागवायची असते, दिवसाची वसुली करायची नसते. गझालींची तक्रार नेमकी हीच होती की दुपारचं राहिलेलं आणि रात्रीचं असं दोन्ही एकदम पोटात भरलं तर दिवसभराच्या उपाशीपणानं काय साधलं? नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आमच्या दस्तरखानावर आजही खरी आहे. खजूर, टरबूज, भजी, समोसे, सरबत, त्यावर खिचडा. संभाजीनगरला गेलात तर रात्री नान-खलियाच्या देगी उघडलेल्या असतात आणि वास मैलभर येतो. चव घ्यावी, आनंदानं घ्यावी. पण तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजला, उभं राहताना पोट तुडुंब असेल तर पहिल्या दोन रकातीतच, म्हणजे नमाजच्या फेऱ्यांतच, डुलकी लागते.

यातलं एक मला मनापासून खटकतं. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतरचा आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजआधीचा तास हा दुआ कबूल व्हायचा तास मानला जातो. त्या तासाला आमच्या बायका कुठं असतात? तळणीसमोर. त्यांचाही रोजा असतो, धूरही त्याच खातात आणि दुआला हात उचलायला त्यांनाच वेळ नसतो. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांना कुणी विचारलं होतं, पैगंबर घरात काय करायचे? त्यांनी सांगितलं, घरच्यांच्या कामाला लागायचे, नमाजची वेळ झाली की जायचे. तेव्हा सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, म्हणून नुसता खजुरानं रोजा सोडू नका. भजी कमी करा, आणि जी करायची त्यांचा कांदा तुम्ही चिरा.

रोजा कुणावर नाही हे दोन्ही समाजांत नीट माहीत नसतं. लहान मुलांवर रोजा नाहीच. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना सूट आहे. जमेल तेव्हा पुढं भरून काढायचे. पाळीच्या दिवसांत बाईनं रोजा ठेवायचाच नसतो, तेही नंतर भरायचे. घराघरांत पोरी त्या दिवसांत चोरून, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन घास खातात, कारण भाऊ विचारेल, चुलते बघतील. घरच्या पुरुषांनी नियम समजून घ्यावा आणि प्रश्न न विचारण्याची सवय लावून घ्यावी. विसरून काही खाल्लं-प्यायलं तरी रोजा तुटत नाही, आठवलं की थांबायचं. हदीस सांगते की त्याला अल्लाहनंच खाऊ घातलं.

आमच्या अम्मीला साखरेचा त्रास. इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांनी नको सांगूनही ती रोजे सोडायला तयार नव्हती. चार वर्षांपूर्वी जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजच्या, सुमाराला ती ओट्याला धरून खाली बसली, घामानं चिंब, बोलणं अडखळत होतं. मी साखरेचं पाणी पाजलं. शुद्धीवर आली तशी रडायला लागली. आजारपणासाठी ती रडत नव्हती, रोजा गेला म्हणून रडत होती. संध्याकाळी मशिदीतले हाफिजसाहेब घरी आले आणि तिच्यासमोर बसून सूरह बकराची १८५वी आयत पढले, अर्थ सांगितला: अल्लाह तुमच्यासाठी सोपं करू पाहतो, अवघड करू पाहत नाही. मग म्हणाले, "खाला, जिसने रोजा दिया, उसीने छूट दी. उसकी छूट को ना बोलते क्या?" तेव्हापासून ती फिदया देते. आजार कायमचा आहे किंवा वय थकलंय, पुढं भरून काढायची आशा नाही, अशांनी एका रोज्याच्या बदल्यात एका गरजूला दोन वेळचं जेवण द्यायचं. अम्मी सहेरीला उठतेच, तसबीह, म्हणजे जप, तिची आमच्यापेक्षा जास्त चालते. ज्यांना साखर आहे आणि डॉक्टरांनी रोज्याला परवानगी दिली आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक सांगतो. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्यानं रोजा तुटत नाही. शंका आली की तपासा, आणि साखर उतरली असेल तर तिथंच रोजा सोडा.

रमजान हा कुरआन उतरला तो महिना, म्हणून वाचनावर भर असतो. कुरआनचे तीस पारे, म्हणजे भाग, आहेत. पंधरा ओळींच्या प्रतीत एक पारा सुमारे वीस पानांचा भरतो. पाच नमाजांनंतर चार-चार पानं वाचली की रोज एक पारा होतो आणि महिन्यात खतम. रात्री तरावीहमध्ये हाफिज मुखोद्गत कुरआन ऐकवतात, हनफी परंपरेच्या आमच्या मशिदींत वीस रकाती, काही ठिकाणी आठ. या दोन्हींचं मोल मोठंच आहे. पण माझ्या विद्यार्थ्यांना मी वेगळं सांगतो. आपली पोरं मराठी माध्यमात शिकली, मराठीत विचार करतात, अरबी सुरात वाचतात आणि अर्थाला मुकतात. एखादा पारा कमी झाला तरी चालेल, रोज दहा आयतींचा मराठी अर्थ वाचा आणि एका आयतीपाशी दिवसभर थांबा. अब्बांना अख्ख्या कुरआनातल्या तीनच आयतींचा अर्थ पक्का ठाऊक होता, पण त्या त्यांच्या रोजच्या कामाला लागल्या होत्या.

जकात पुष्कळजण याच महिन्यात काढतात. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे जुन्या तोळ्यानं सुमारे ६१२ ग्रॅम, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक वर्षभर जवळ असेल तर तिचा चाळिसावा भाग, अडीच टक्के. दोन लाखांवर पाच हजार. आधी गरजू नातेवाईक बघावेत, आणि देताना फोटो काढू नये. घेणाऱ्याचीही इज्जत असते. शेतमालावरचा नियम मराठवाड्यातल्या माणसाला भारी पटेल. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग, विहिरीनं-मोटेनं पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा. ज्यानं पाण्यासाठी खर्च केला, घाम गाळला, त्याला निम्मी सूट. कोरडवाहू आणि बागायतीतला फरक चौदाशे वर्षांपूर्वीच हिशेबात धरलेला आहे. फितरा वेगळा: ईदच्या नमाजच्या आधी घरातल्या प्रत्येक माणसामागं, तान्ह्या बाळाचासुद्धा, दीड-दोन किलो गहू किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची, म्हणजे ईदच्या दिवशी त्याच्याही घरी चूल पेटते.

पाण्याचं आणखी एक. २०१६ साली एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आणि जूनमध्ये रमजान लागला. आमच्या मशिदीचे नळ कधीचे कोरडे पडले होते. दारात टाकी ठेवली होती आणि माणशी एक लोटा वुजूला, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुवायला. पैगंबरांचे सोबती अनस बिन मालिक यांच्या हदीसमध्ये येतं की पैगंबर एका मुद्दभर पाण्यात वुजू करायचे. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची एक भरली ओंजळ, पाऊण लिटरच्या आतबाहेर. एरवी नळ सोडून तीन-तीन लिटर वाहवणारी आमची माणसं त्या महिन्यात एका लोट्यात हात, तोंड, पाय धुऊन वर पाणी उरवत होती. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाणी उधळू नये ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकलेली, ती कळली त्या वर्षी.

शेवटच्या दहा रात्री सगळ्यात मोलाच्या. त्यांतल्या विषम रात्रींपैकी एक शब-ए-कद्र, हजार महिन्यांपेक्षा श्रेष्ठ. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं चार महिने, एक भरलं आयुष्य. आपल्याकडं सत्ताविसाव्या रात्रीला 'बडी रात' म्हणून मशिदी भरतात, पण नेमकी रात्र सांगितलेली नाही. ती सांगितली असती तर माणूस बाकी चार रात्री झोपून काढता. काहीजण हे दहा दिवस मशिदीतच मुक्काम करतात, त्याला एतेकाफ म्हणतात. ते शक्य नसेल तर या रात्रींत फोन बंद करून घरातच तासभर एकटं बसावं आणि वर्षभरात कुणाचं काय चुकवलं ते आठवावं. अल्लाहचा हक्क तौबानं, म्हणजे मनापासून पश्चात्ताप केल्यानं, माफ होतो. माणसाचा हक्क त्या माणसाकडं गेल्याशिवाय सुटत नाही. उधारी, वाटणीतला बहिणीचा हिस्सा, तोडलेलं बोलणं, ज्याचं त्याला जाऊन द्यावं लागतं.

आणि ईदनंतर? काही वर्षांपूर्वी ईदच्या आठवड्यातच मी वर्गात एका पोरावर जोरात ओरडलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सरचे रोजे संपले वाटतं." मला ते फार लागलं. महिनाभर मी आवाज चढवला नव्हता, पोरांनी ते टिपलं होतं. रोज्यात कुणी भांडायला आला तर 'माझा रोजा आहे' म्हणावं असं हदीसमध्ये आहे. मी ते वाक्य ईदच्या चंद्राबरोबर खाली ठेवलं होतं.

तेव्हापासून मी रमजानमध्ये दहा संकल्प करत नाही. एकच धरतो. अल्लाहला सगळ्यात आवडतं ते काम, जे थोडं का असेना पण सतत होतं, ही हदीस मला आता कळते. त्या वर्षी राग आवरण्याचा संकल्प धरला होता. राग आला आणि उभे असाल तर बसा, असं पैगंबरांनी सांगितलंय. मी वर्गात तेच करतो, राग चढायला लागला की खुर्चीत बसतो. ईदनंतर शव्वाल या पुढच्या महिन्यात सहा नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे असतात. रमजाननंतर ते ठेवले तर वर्षभर रोजे ठेवल्यासारखं आहे, असं सांगितलंय. मला ते आणखी एका कारणानं आवडतात. आसपास सगळे खात-पीत असतात, मोहल्ल्यात सहेरीला कुणी उठवत नाही, आणि लावलेली सवय खरी की गर्दीची, ते त्या सहा दिवसांत कळतं.

अब्बांनीही असंच एक काम धरलं होतं. १९८६ च्या त्या रमजानमध्ये त्यांनी सुरू केलं आणि मोंढ्यातलं काम सुटेपर्यंत चालवलं. सकाळी पहिलं पोतं यायच्या आधी ते रिकाम्या काट्याजवळ उकिडवे बसायचे, दोन्ही पारडी एकेक करून उलटी करायचे आणि खाली चिकटलेला चिखल, भुसा नखानं खरवडून काढायचे. मग खांद्यावरच्या रुमालानं पारडी पुसायचे, हात सोडायचे आणि दांडी सरळ थांबते का ते बघत बसायचे. त्या वेळी मोंढ्यात दुसरं कुणी आलेलं नसायचं.